दाजींचा गळा

भिगवणच्या खानावळीत दाजींनी आक्काच्या मनगटावर उकळता रस्सा ओतला, तेव्हा मी समोरच्याच बाकड्यावर बसले होते.

आक्का माझी थोरली बहीण. तिला वरकुट्याला दिली होती. दाजी म्हणजे तिचे मालक. मी पुण्याहून सुट्टीला गाडीनं भिगवणला उतरले होते आणि मला न्यायला ते दोघं लेकीला घेऊन ट्रॅक्टरवर आले होते. दुपारची वेळ होती. आता आलोच आहोत तर मासे खाऊन जाऊ, असं दाजीच म्हणाले. हायवेच्या कडेला पत्र्याची खानावळ, मागं उजनीचं पाणी, कढईत तळत असलेले मासे. आक्कानं वाढणाऱ्याला एवढंच सांगितलं, "पोरीला तिखट नगं, नुसता मासा द्या." तो वाढणारा हसून म्हणाला, "आमच्याकडं बिगर तिखटाचं पानीबी न्हाय वैनी." आक्का हसली. मीही हसले.

दाजींनी वाटी उचलली आणि शांतपणे नाही, एकदम, अंगात काही शिरल्यासारखं, तिच्या हातावर उपडी केली.

"हसाया काय झालं? आं? कोन लागतो त्यो तुजा?"

आक्का ओरडली नाही. तिनं हात पाण्याच्या जगमध्ये बुडवला आणि दुसऱ्या हातानं लेकीचे डोळे झाकले. त्या दुसऱ्या हाताला त्याची सवय होती. वाढणारा ताट घेऊन तसाच उभा राहिला. शेजारच्या बाकड्यावरचे ट्रकवाले मान खाली घालून जेवायला लागले.

तेव्हा मी दाजींच्या हाताकडं पाहिलं. बोटं थरथरत होती. थंडीचे दिवस, पाण्यावरून वारा येत होता, आणि हा माणूस बनियनवर बसून घामानं निथळत होता. डोळे खोबणीतून पुढं आलेले, बुबुळाच्या वरतीही पांढरं दिसत होतं. ते घोट गिळायचे तेव्हा गळ्यातली एक गाठ वर सरकून खाली यायची. वर्षभरात ते निम्मे झाले होते आणि तरी चार माणसांचं जेवत होते.

असा गळा आणि असे डोळे मी दर आठवड्याला बघत होते. ते माझं कामच होतं.

पुण्यात एका विद्यापीठाच्या रुग्णालयात अणुवैद्यक विभागात मी तंत्रज्ञ होते. कळसला माझ्या गावी कुणाला हे नाव उच्चारता यायचं नाही. "आबांची धाकटी अनुबाँबच्या दवाखान्यात हाय," असं लोक आमच्या वडिलांचं नाव घेऊन सांगायचे. आमचा विभाग तळमजल्यावर, लांब बोळाच्या शेवटी होता. दारावर पिवळ्या पाटीवर किरणांची खूण. दुसऱ्या खात्यातली माणसं त्या बोळात आली की भिंतीला अंग चोरून चालायची, जणू दार उघडलं की आतून आगच बाहेर येणार.

आत आग वगैरे काही नव्हती. शिशाच्या विटांची एक भिंत होती, तिच्यामागं आम्ही काम करायचो. रोज सकाळी एका जड भांड्यातून त्या दिवसापुरतं किरणोत्सारी द्रव्य काढायचं. त्याला आम्ही आपसात 'धार काढणं' म्हणायचो. ते सुईनं रोग्याच्या शिरेत सोडायचं आणि त्याला कॅमेऱ्याखाली झोपवायचं. एक्स-रेत किरण बाहेरून येऊन माणसातून जातात. आमच्याकडं माणूस स्वतःच थोडा वेळ किरण देतो आणि कॅमेरा ते टिपतो. कॅन्सर हाडात गेलाय का, मूत्रपिंड चालतंय का, आणि गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी पिसाळली आहे का, हे त्यात दिसायचं.

पिसाळली हाच शब्द बरोबर आहे. ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त रस तयार करायला लागली की माणसाचं सगळं शरीर धावत सुटतं. काळीज धडधडतं, झोप उडते, अंगाची आग होते आणि राग नाकाच्या शेंड्यावर येतो. आमच्या मॅडम, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टर, अशा रोग्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला बाजूला घेऊन सांगायच्या, "ह्याच्या चिडण्याचं मनाला लावून घेऊ नका. बरा झाला की कमी होईल." आणि ते व्हायचंही. बायका येऊन सांगायच्या, माणूस पहिल्यासारखा झाला म्हणून.

भिगवणहून कळसला येईपर्यंत मी ट्रॉलीत बसून हाच विचार करत होते. आक्काचा हात माझ्या मांडीवर होता आणि त्यावर टरारून फोड आला होता.

आक्कानं त्या खेपेला घरी आल्यावर सांगून टाकलं की आता ती वरकुट्याला जाणार नाही. याआधी ती आली होती तेव्हा एकदा तिचा दात पडलेला होता, एकदा पाठीवर मोटारीच्या पट्ट्याचे वळ होते. दर वेळी आईनं हळद लावली, आबांनी समजूत काढली आणि चार दिवसांनी दाजी येऊन घेऊन गेले. आबा बारामतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. मवाळ माणूस. इंजिनाशीसुद्धा हळू बोलायचे. पण या वेळी भाजलेला हात बघून त्यांनीही ठरवलं की सोडवून घ्यायची. रविवारी वंदना झाल्यावर विहारात दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवली. वरकुट्याहून दाजी आणि त्यांची आई आली. बायका भिंतीकडेला बसल्या.

बोलणी सोडचिठ्ठीपर्यंत आली होती. तेवढ्यात मी उठले.

मी सांगितलं की दाजींना आजार असावा. गळ्यातल्या ग्रंथीचा. त्यात माणसाचा ताबा सुटतो. पुण्याला तपासता येईल, आमच्याकडं औषध आहे, बहुतेक माणसं बरी होतात. हे सगळं खरं होतं, आणि ऐकता ऐकता त्या खोलीतली हवाच बदलली. इतका वेळ आखडून बसलेली माणसं सैल झाली. एका म्हाताऱ्यानं मांडी बदलली आणि म्हणाला, "मंग आसं म्हना की. आजार हाय त्यो. मानूस वाईट न्हाय." दाजींनी खाली मान घातली आणि त्यांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायला लागलं. तेही आजाराचंच लक्षण होतं. रडूही लवकर येतं.

आबा म्हणाले, "आजारी मानसाला सोडून आली आसं आमच्या पोरीच्या कपाळी नगं."

आक्का भिंतीकडेला होती. तिनं विचारलं, "आन बरं झाल्यावर मारलं तर?"

"बरं झाल्यावर कशापायी मारतील, बाय?" तोच म्हातारा म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

ती माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली, नाही मारणार अशी.

दाजींना पुण्याला आणलं ते आबांनी. रक्ताचे अहवाल आले आणि मी म्हणाले होते तेच निघालं. कॅमेऱ्याच्या तपासणीला मी स्वतः त्यांना सुई टोचली. टेबलावर झोपवलं, मानेखाली उशी दिली, गळा वर येईल असा. कॅमेऱ्याचं डोकं मोठ्या जात्याएवढं असतं आणि ते गळ्याच्या अगदी जवळ आणावं लागतं. मी आधी समजावलं होतं की हे दुखत नाही, फक्त हलायचं नाही. ते डोकं खाली यायला लागलं तसे दाजी विस्फारल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघायला लागले.

"काडा ह्ये. काडा म्हन्तो न्हवं!"

आमच्या विभागात एक वयस्कर कामगार होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. दाजींनी झोपल्या झोपल्या त्यांच्या जबड्यावर ठोसा मारला. मामा मागच्या लोखंडी स्टँडवर आपटले आणि तो स्टँड त्यांच्या अंगावर पडला. त्यांच्या ओठातून रक्ताची धार लागली. मग दाजींनी कॅमेऱ्यावर लाथ घातली, त्याची केबल ओढली. मी मध्ये गेले तर माझा गळा एका हातानं धरला. ती बोटं अजून आठवतात मला. माझ्या कातडीवर सगळी एका वेळी थरथरत होती, पण पकड सुटत नव्हती.

आबांनी आणि मॅडमनी मिळून ती सोडवली. मग दाजी जमिनीवर बसून लहान पोरासारखे रडले. मामांच्या पायावर डोकं ठेवलं. मामा रुमालात रक्त थुंकत म्हणाले, "जाऊ द्या. आजारी माणूस आहे."

दुसऱ्या खेपेला औषध देऊन, जरा गुंगीत, तपासणी झाली. फिल्मवर गळ्याच्या जागी काळ्याकुट्ट ठिपक्यांची दोन जाड पानं उमटली. मी ती फिल्म उजेडाला धरून आबांना दाखवली. आबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हितंच हाय व्हय समदं?" मी हो म्हणाले. इतक्या वर्षांची मारहाण, पडलेला दात, पट्ट्याचे वळ, सगळं त्या बोटभर काळ्या जागेत सापडल्यासारखं वाटत होतं. मला तर आनंद झाला होता.

काही आठवडे गोळ्या देऊन दाजींचं काळीज ताळ्यावर आणलं आणि मग किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. ते पाण्यासारखं असतं. शिशाच्या भांड्यात बाटली, बाटलीत नळी. रोग्यानं नळीनं ओढून प्यायचं. गळ्यातली ग्रंथी आयोडीन खेचून घेते आणि त्या किरणांनी आतून जळून जाते. बाकी शरीरात राहिलेलं लघवीवाटे निघून जातं. तोवर काही दिवस रोग्यानं वेगळं झोपायचं, ताटवाटी वेगळी ठेवायची, मुलांना जवळ घ्यायचं नाही, बायकोजवळ जायचं नाही. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा दाजी छताकडं बघत होते. आक्का मात्र एकेक शब्द पुन्हा विचारून घेत होती.

"म्हंजे माज्या आंगाला हात लावायचा न्हाय?"

"नाही. आणि तुम्हीही त्यांच्याजवळ बसायचं नाही."

"मी न्हाय बसत," आक्का म्हणाली.

वरकुट्याला त्यांची वस्ती शेतातच होती. विहिरीजवळ मोटारीची खोली होती, तिथं दाजींची खाट टाकली. त्यातल्या रविवारी मी बघायला गेले. दाजी खोलीच्या दारात बसून लांबून बोलले, चांगले बोलले. घराकडं आले तर भरदुपारी आक्का झोपलेली. ती दिवसा झोपलेली मी लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. केस धुऊन मोकळे सोडले होते, तोंड उघडं होतं आणि घोरत होती. लेक जवळ बसून कोळशानं फरशीवर बैल काढत होती. सासूनं मला खुणेनं सांगितलं, निजू दे म्हणून.

उठल्यावर आक्कानं चहा केला. दोघी उंबऱ्यावर बसलो. ती म्हणाली, "येक इचारू का? आजून थोडं दिलं तर न्हाय का चालत?"

"कशाला? एवढ्यात भागेल त्यांचं."

"तसं न्हवं. म्हंजे त्ये अजून थोडं दिस तितंच ऱ्हातील."

मी हसले. मला ती थट्टा वाटली. तिनं कप उचलले आणि घासायला गेली.

पुढचे महिने सगळ्यांना सुखाचे वाटले. दाजींच्या अंगावर मांस चढलं. थरथर थांबली, घाम थांबला, झोप यायला लागली. डोळे थोडे पुढं राहिले, पण त्यातली ती भिरभिर गेली. ते स्वतः कळसला आले, आबांच्या पाया पडले, मला साडी आणली. कळस-वरकुट्यात माझं नाव झालं. कुणाच्या गळ्याला काही दिसलं की माणसं आबांकडं यायची आणि आबा अभिमानानं माझा पत्ता द्यायचे. आयोडीननं ग्रंथी जळाली की पुष्कळदा ती नंतर अगदीच कमी रस करते, तसं दाजींचंही झालं. मग रोज एक गोळी कायमची सुरू झाली. ती घेऊन त्यांचं रक्त एखाद्या निरोगी माणसासारखं झालं.

त्याच रक्ताचा अहवाल घ्यायला ते दोघं पुण्याला आले तेव्हा आक्कानं डोक्यावरचा पदर कानापर्यंत ओढून घेतला होता. दाजी पाणी प्यायला गेले आणि मी सहज तो पदर सारखा करायला गेले तर तिनं माझा हात धरला. मी पदर बाजूला केलाच. उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. कानातलं फूल ओढून काढलं होतं. कडा काळ्या पडल्या होत्या आणि मानेवर वाळलेलं रक्त अजून पुसलेलं नव्हतं.

"कधी?"

"परवा."

"गोळी घेतली नव्हती का त्यांनी?"

आक्कानं पदर पुन्हा कानावर ओढला. मग म्हणाली, "घेतली हुती. मीच दिली, सकाळी, चहाच्या आधी."

हातात अहवाल होता आणि त्यात सगळे आकडे जिथं असायला हवेत तिथं होते. मी पुन्हा विचारलं, राग आला होता का, घाम आला होता का, हात कापत होता का? रोग्याला विचारतात तसे प्रश्न मी माझ्या बहिणीला विचारत होते.

"हात कापत न्हवता गं," ती म्हणाली. "आदी पळत यायचे. आता चालत येत्यात. आदी कुटं लागंल त्यांनाबी ठावं नसायचं, चुकायचंबी. आता चुकत न्हाय."

मी तिला मॅडमकडं नेलं. मॅडमनी तो कान पाहिला, लहान शस्त्रक्रियांच्या खोलीत पाठवून टाके घालून आणले आणि मग दाजींना आत बोलावलं. मीही उभी होते. मॅडमनी सरळ विचारलं. दाजींनी आढेवेढे घेतले नाहीत. हात जोडून, नम्रपणे, ते म्हणाले, "मॅडम, घरात वागायची येक रीत आसती. ती सोडली की सांगावं लागतं. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला न्हाय कळायचं."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रक्तात आता कसलाही दोष नाही. हे तुम्ही करताय. आजार करत नाही."

"व्हय," दाजी म्हणाले. "तुमच्या किरपेनं एकदम बरा झालोय." त्यांनी अहवालाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि बाहेर जाऊन आक्काला म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

मी आक्काला थांब म्हणाले. ती म्हणाली, "पोरगी तितं हाय."

हे आबांना कळलं तेव्हा ते कुणाला न सांगता वरकुट्याला गेले. दाजी कालव्याच्या कडेला उसाला पाणी धरत होते. त्या मवाळ माणसानं जावयाची कॉलर धरली. एवढंच करता आलं त्यांना. दाजींनी त्यांचे हात सोडवले आणि छातीवर धक्का देऊन सरीतल्या चिखलात पाडलं. उठायला लागले की पुन्हा पाडलं. चष्मा पायाखाली दाबून फोडला आणि म्हणाले, "पुन्यांदा न्यायला याल तर पोरगी कालव्यात दिसंल." आबा भिजलेल्या कपड्यांनी एसटीतून कळसला आले. आई विचारत होती आणि ते नुसते बनियन पिळत मोरीत उभे होते.

नंतरच्या रविवारी मीच गेले. गोळ्या द्यायला आले असं सांगायचं आणि दोघींना घेऊन निघायचं, इतकंच मनात होतं. सकाळची वेळ होती. सासू दारात लसूण सोलत होती. आक्का आत वाटण वाटत होती आणि लेक तिच्या पाठीला टेकून बसली होती. मी हळूच म्हणाले, "आवर. आत्ताच जाऊ." आक्कानं पाट्यावरचं वाटण तसंच ठेवलं आणि उठून लेकीचा फ्रॉक पिशवीत घातला.

दाजी मागच्या दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही.

इथून पुढं मला त्याला अहो-जाहो करता येत नाही.

त्यानं आधी सदरा काढला आणि खुंटीला अडकवला. मग कोपऱ्यातला मोटारीचा जुना पट्टा घेतला, हाताला एक वेढा दिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. एखादा माणूस बैलाला पाणी दाखवायला निघावा तसा तो खोलीच्या मधोमध आला. लेकीला म्हणाला, "भाईर जा, चिमे." ती गेली नाही. त्यानं तिला दंडाला धरून उंबऱ्यापलीकडं ठेवलं आणि वळून पहिला पट्टा आक्काच्या तोंडावर मारला.

मी त्याच्या पाठीवर झेप घेतली. त्यानं कोपरानं मला मागं ढकललं, मी धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर जाऊन आदळले आणि भुवईवर फुटलं. रक्त डोळ्यात आलं. त्या लाल पडद्यातून मला दिसत होतं. तो मोजूनमापून मारत होता, एक मानेवर, एक खांद्यावर, आणि प्रत्येक वेळी थांबून पट्टा सारखा करून घेत होता. आक्का पाट्याजवळ गुडघ्यावर पडली. त्यानं पट्टा टाकला आणि पायानं तिच्या खांद्यावर जोर दिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळली काटकी मोडावी तसा, अगदी साधा.

आक्काचा एक हात लुळा पडला होता. दुसरा पाट्यावर होता. त्या हाताला वरवंटा लागला.

तिनं तो उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर मारला. तो वाकला. तिनं पुन्हा तिथंच मारला. तो ओरडत खाली आला आणि तिचे केस धरायला हात पुढं केला, तर तोल जाऊन तो हात जमिनीवर टेकला आणि तिनं मनगटावर मारला. या वेळी त्याचं ओरडणं निराळंच होतं, गुरासारखं. लसूण-मिरचीच्या हिरव्या वाटणात आणि रक्तात वरवंटा माखला होता. चौथ्यांदा तिनं तो डोक्याच्या वर नेला. तो मान वर करून तिच्याकडं बघत होता, गळा उघडा होता.

मी "आक्का!" म्हणून ओरडले.

तिनं वरवंटा खाली आणला, पण त्याच्या डोक्याशेजारी जमिनीवर. फरशी फुटली. मग ती बसली आणि धापा टाकत राहिली.

दारात सासू उभी होती. मला वाटलं ही आता गाव गोळा करणार. तिनं लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग नातीला उचलून माझ्या कडेवर दिली आणि म्हणाली, "पळा. कारखान्याची ट्रॅक्टरं जात्यात आत्ता, हात करा." मी तिच्याकडं बघतच राहिले तर तिनं मला ढकललं. "बघती काय? त्याचा बाप बी आसाच हुता. त्याच्या गळ्याला काय सुदिक न्हवतं."

सासूचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही. वर्षभरात ती वारली.

आम्ही उसाच्या ट्रॉलीच्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसून इंदापूरला आलो. वाटेत खाचखळग्यात खांदा हलला की आक्का दात दाबायची. मला आधी दवाखान्यात जायचं होतं. ती म्हणाली, "न्हाय. आदी चौकीत. आसंच." पोलीस ठाण्यात फौजदारानं तिच्या गालावरचा वळ, माझी फुटलेली भुवई आणि तिच्या हातावरचं लसणाचं वाटण पाहिलं आणि विचारलं, "नवऱ्यानं मारलं?"

"व्हय. आन मीबी त्यांला मारलंय," आक्का म्हणाली. "दोन्ही लिवा."

दोन्ही लिहिलं गेलं. दोन्ही बाजूंनी खटले झाले आणि तारखांना इंदापूरला जाऊन जाऊन आबांच्या चपला झिजल्या. त्याच्या वकिलानं कोर्टात आजाराचं काढलं. म्हणाला, माझा अशील ग्रंथीच्या विकारानं पीडित आहे, वर्तनावर त्याचा ताबा नसतो. तेव्हा मॅडम स्वतः पुण्याहून आल्या. त्यांनी सांगितलं की हा विकार होता, आम्हीच तपासला आणि आम्हीच बरा केला, आणि ज्या दिवशी ह्या बाईचा कान फाटला त्या काळात ह्याचं रक्त माझ्या-तुमच्या रक्ताइतकंच ठीक होतं. वकील खाली बसला. शेवटी लेक आईकडं राहिली आणि आक्का कायद्यानं मोकळी झाली. त्याला थोडीच शिक्षा झाली. आमच्या मनाएवढी नाही.

आक्काला बारामतीत एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम मिळालं. खांद्याचं हाड वाकडं जुळलं, त्यामुळं तिला तो हात खांद्याच्या वर नेता येत नाही. वेणी लेक घालून द्यायची. सुरुवातीला पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत त्या दोघी राहायच्या. कुणी जिन्यावरून सावकाश चढत आलं की दोघी बोलायच्या थांबायच्या. धावत येणाऱ्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

तो नंतरही आमच्या विभागात यायचा. वर्षातून एकदा रक्त बघणं भाग असतं आणि जवळपास दुसरीकडं कुठं ती सोय नव्हती. लंगडत, काठी टेकत तो त्या बोळातून यायचा आणि बाकावर इतरांसारखा बसायचा. मामांनी पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि मला विचारलं, "मी बघू का, ताई?" मी नको म्हणाले. मी त्याच्या दंडाला रबर बांधलं, शीर शोधली, रक्त काढलं. माझे हात स्थिर होते. त्याचेही होते. तो म्हणाला, "पोरगी कितवीला गेली?" मी कापूस दाबून धरायला सांगितलं आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

त्या शनिवारी मी बारामतीला गेले. आक्का मेथी निवडत होती. मी तिला सांगितलं की तो आला होता.

"गोळी घेतो का रोजची?" तिनं विचारलं.

"घेतो. रक्त चांगलं आहे."

"आसू दे," ती म्हणाली. "घ्यायलाच पायजे. न्हायतर पुन्हा म्हनंल, आजारी हुतो."

तिनं निवडलेली मेथी एका बाजूला केली आणि लेकीला हाक मारून पाणी मागितलं.